सीटी स्कॅनची तयारी आणि मनातली धास्ती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सीटी स्कॅनविषयी या सदराकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतली बहुतेक निदानाबद्दल नसून तपासणीला जाण्याआधीच्या दिवसांबद्दल आहेत : काय खावे, कोणती गोळी थांबवावी, ‘डाय’ने (चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात त्या औषधाने) काही होईल का, आणि आदल्या रात्री झोप लागत नाही त्याचे काय करावे. रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करताना मला नेहमी जाणवते, की आपल्याकडे रुग्णाच्या हातात वेळेची चिठ्ठी आणि ‘चार तास उपाशी या’ एवढीच सूचना पडते. उरलेली माहिती शेजारीपाजारी आणि मोबाइलवरचे संदेश पुरवतात. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. उत्तरे सर्वसाधारण आहेत. आपली प्रकृती जाणणाऱ्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तर त्यांचेच ऐकावे.

प्रश्न : माझे वय ६१ वर्षे. पोटात दुखते आणि वजन घटले आहे, म्हणून डॉक्टरांनी पोटाचा डाय देऊन करायचा सीटी स्कॅन सांगितला आहे. पूर्वी मानेच्या एमआरआयच्या वेळी त्या नळीत मला इतके गुदमरले, की तपासणी अर्ध्यावर थांबवावी लागली. तेव्हापासून मी लिफ्टमध्येही एकटी जात नाही. सीटीची तारीख मी दोनदा पुढे ढकलली आहे. घरचे म्हणतात, ‘त्यात एवढे घाबरण्यासारखे काय आहे?’ मला भीतीही वाटते आणि त्या भीतीची लाजही वाटते. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, बंदिस्त जागेची भीती हा स्वभावदोष नव्हे. ती अनेकांना असते, तिला उपाय आहेत, आणि ज्याप्रमाणे आपण औषधाची ॲलर्जी स्कॅन सेंटरला आधी कळवतो त्याचप्रमाणे ही भीतीही आधी कळवायची असते. आपल्या डॉक्टरांना सांगून ती तपासणीच्या चिठ्ठीवरच लिहून घ्यावी, म्हणजे टेबलावर झोपल्यावर ऐन वेळी बोलून दाखवण्याचा संकोच उरत नाही.

आता यंत्राविषयी. एमआरआयमध्ये माणूस लांब नळीच्या आत बराच वेळ पडून राहतो आणि भोवती ठोकल्यासारखा मोठा आवाज चालू असतो. सीटीचे यंत्र तसे नसते. ते एक रुंद कडे असते, दोन्ही बाजूंनी उघडे, मधली पोकळी साधारण ७० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी. टेबल त्या कड्यातून सरकते, आणि कोणत्याही क्षणी शरीराचा थोडाच भाग कड्याच्या आत असतो. पोटाच्या स्कॅनसाठी अनेक ठिकाणी पाय आधी आत जातील असे झोपवतात. तसे झाल्यास आपला चेहरा बहुतांश वेळ बाहेर, मोकळ्या खोलीत राहील. ही विनंती आपण टेक्निशियनला स्वतः करू शकता. आवाजही पंख्याच्या घरघरीसारखाच असतो. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रावर जगातल्या पहिल्या रुग्णाचा सीटी झाला, तेव्हा मेंदूच्या एकेका छेदचित्रासाठी काही मिनिटे लागत. आज अख्खे पोट काही सेकंदांत टिपले जाते. खोलीतला एकूण वेळ पंधरा-वीस मिनिटांचा असला, तरी त्यातला बराचसा सुई लावण्यात आणि नीट झोपवण्यात जातो.

घडणाऱ्या गोष्टींचा क्रम आधी ठाऊक असला, की धास्तीचा बराच भाग ओसरतो, म्हणून तो सविस्तर सांगते. आधी नोंदणी, जुन्या आजारांची व औषधांची चौकशी आणि संमतिपत्रावर सही होते. संमतिपत्रात दुर्मीळ दुष्परिणामही लिहिलेले असतात. ते माहितीसाठी असतात, आपल्या बाबतीत ते होणारच असा त्याचा अर्थ नाही. पोटाच्या काही स्कॅनआधी एक ते दीड लिटर पाणी किंवा औषध मिसळलेले पाणी पाऊण ते एक तासभर थोडे थोडे प्यायला देतात, त्यामुळे आतडी फुगून स्पष्ट दिसतात. त्यात मॅनिटॉल असेल, तर नंतर एक-दोनदा पातळ शौचाला होऊ शकते, त्याने घाबरू नये. मग हाताच्या शिरेत छोटी प्लॅस्टिकची सुई बसवतात. टेबलावर उताणे झोपवून दोन्ही हात डोक्यामागे घ्यायला सांगतात. खांदा आखडलेला असेल आणि हात वर जात नसेल, तर तेही आधी सांगावे. उशी देऊन किंवा एकच हात वर घेऊन काम भागवता येते.

यानंतर टेक्निशियन काचेपलीकडच्या खोलीत जातो. किरणांमुळे त्याला तिथे जावेच लागते, पण आपण त्याला दिसत असतो आणि आपला शब्द त्याला मायक्रोफोनवर ऐकू जातो. ‘श्वास घ्या, रोखून धरा’ ही सूचना यंत्रातून येते. अनेक ठिकाणी ती हिंदीत किंवा इंग्रजीत ध्वनिमुद्रित केलेली असते. मराठीत सांगा म्हटले, तर टेक्निशियन स्वतः बोलून सांगू शकतो, आणि ओळखीच्या भाषेतला माणसाचा आवाज ऐकून पुष्कळ जणांना धीर येतो.

डाय शिरेत जाताना काय वाटते, हे आपण आवर्जून लक्षात ठेवावे, कारण पूर्वी जीव घाबराघुबरा झालेल्या माणसाची गल्लत इथेच होते. साधारण ६० ते १०० मिलिलिटर औषध यंत्राच्या साहाय्याने वेगाने दिले जाते. काही क्षणांत घशापाशी ऊब जाणवते, तोंडाला धातूसारखी चव येते, ती ऊब छातीतून ओटीपोटात उतरते आणि लघवी झाली की काय असे वाटते. लघवी झालेली नसते. रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे असे वाटते आणि साधारण मिनिटभरात ते ओसरते. ज्याला हे आधी माहीत नसते, त्याला वाटते की घाबरण्याचा तोच झटका पुन्हा आला. आणि मग खरोखरच छाती धडधडू लागते. मात्र श्वास अडकणे, घसा आवळणे, अंगाला खाज सुटणे किंवा सुईच्या जागी जोराची आग होणे, यांपैकी काही जाणवले तर धीर धरून गप्प न राहता त्याच क्षणी मोठ्याने सांगावे.

घरी करण्यासारखी तयारीही आहे. दोन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ पलंगावर उताणे झोपून, हात डोक्यामागे घेऊन दहा ते पंधरा सेकंद श्वास रोखण्याचा सराव करावा. टेबल हलण्यापूर्वीच डोळे मिटावेत किंवा डोळ्यांवर रुमाल ठेवून घ्यावा. आत गेल्यावर डोळे मिटायचे ठरवले, तर ते जमत नाही. श्वास रोखायचा नसेल तेव्हा तो सावकाश, लांबवर सोडावा. आपल्या पिढीतल्या अनेक जणी मनात नामस्मरण करतात, आणि ते चालू असताना त्यांचा श्वास आपोआप संथ झालेला मी पाहिला आहे. शक्य असेल तर एक दिवस आधी सेंटरवर जाऊन यंत्र पाहून यावे. हे सगळे करूनही भीती आवाक्यात राहणार नाही असे वाटत असेल, तर चिंता कमी करणारी सौम्य गोळी डॉक्टर तपासणीच्या तासभर आधी देऊ शकतात. ती स्वतःच्या मनाने किंवा दुसऱ्याच्या डब्यातली घेऊ नये, आणि घेतल्यास सोबत कोणीतरी असावे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगते. पोटदुखीबरोबर वजनही घटत असताना तारीख तिसऱ्यांदा पुढे ढकलू नका. आपल्या घरच्यांनाही हे उत्तर वाचायला द्या. ‘त्यात काय एवढे’ असे म्हणण्याऐवजी त्यांनी त्या दिवशी सोबत बसावे.

प्रश्न : वडिलांचे वय ७०. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन व सकाळचे इन्सुलिन, शिवाय रक्तदाबाची गोळी चालू आहे. क्रिएटिनीन (मूत्रपिंडांच्या कामाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) १.४ आहे. सेंटरने चार तास उपाशी यायला सांगितले आहे. वडील म्हणतात, मग पाणीही नको आणि गोळ्याही नकोत. एका नातेवाइकाने मेटफॉर्मिनमुळे मूत्रपिंडे निकामी होतात असे सांगून आणखी घोळ घातला आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्याकडे उपाशी म्हटले की मनात निर्जळी उपवासच येतो, आणि एकादशी किंवा चतुर्थी त्याच दिवशी आली तर काही रुग्ण आदल्या रात्रीपासून काहीही न घेता येतात. मूत्रपिंडांसाठी हे चांगले नाही. चार तासांची अट घन आहारासाठी असते. मळमळून उलटी झाली तर पोट रिकामे असावे, एवढाच तिचा हेतू आहे, आणि आजच्या औषधांनी उलटी होण्याचे प्रमाण इतके कमी झाले आहे, की काही देशांत ही अटही आता घालत नाहीत. पाणी प्यायला बहुतेक वेळा मुभा असते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर आदल्या दिवशी आणि तपासणीनंतर ते नेहमीपेक्षा थोडे जास्तच प्यावे. डाय न देता होणाऱ्या साध्या स्कॅनला तर सहसा उपाशी राहावेच लागत नाही. सेंटरला फोन करून ‘पाणी चालेल का’ हे स्पष्ट विचारून घ्यावे.

रक्तदाबाची गोळी नेहमीच्या वेळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. ती चुकवल्यामुळे टेबलावर रक्तदाब भलताच वाढलेला आढळतो आणि तपासणी लांबते. इन्सुलिनचे मात्र उलट आहे : इन्सुलिन टोचून जेवण टाळले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून मधुमेहींनी सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी, त्या सकाळच्या इन्सुलिनचे काय करायचे हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे, आणि खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवून जावे. हात थरथरू लागले, घाम फुटला, तर ‘उपाशी राहायचे आहे’ म्हणून थांबू नये. साखर खाऊन मग सेंटरला कळवावे.

मेटफॉर्मिनमुळे मूत्रपिंडे खराब होत नाहीत. ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते, इतकाच त्यांचा संबंध. डायमुळे मूत्रपिंडांचे काम मंदावले, तर हे औषध शरीरात साठून रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि त्यासाठी ते थांबवण्याची पद्धत पडली. त्यामुळे निर्णय मूत्रपिंडांच्या क्षमतेवर घ्यायचा असतो. नुसत्या क्रिएटिनीनच्या आकड्यावरून ती क्षमता पुरती कळत नाही, कारण तोच आकडा वयोवृद्ध आणि तरुण माणसांत वेगळे सांगतो. वय आणि लिंग धरून काढलेला ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा अंदाज, पाहावा लागतो. आपल्या वडिलांचा तो ५० ते ५५ च्या आसपास येईल. मूत्रपिंडांना अचानक इजा झालेली नसेल आणि ईजीएफआर ३० किंवा त्याहून अधिक असेल, तर शिरेतून डाय देताना मेटफॉर्मिन थांबवण्याची गरज नाही, असे अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीचे मार्गदर्शन आहे. ३० च्या खाली असेल, तर ते तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, मूत्रपिंडे पुन्हा तपासूनच सुरू करतात. आपल्याकडे काही डॉक्टर खबरदारी म्हणून सर्वांनाच दोन दिवस थांबवायला सांगतात. तेही चालते, पण त्या दोन दिवसांत साखरेकडे लक्ष ठेवावे आणि गोळी पुन्हा सुरू करायला विसरू नये. माझ्या मते याहून जास्त लक्ष गुडघेदुखीच्या गोळ्यांकडे द्यायला हवे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामके मूत्रपिंडांना खरोखर त्रास देतात, आणि ती घरोघरी चिठ्ठीविना घेतली जातात. ती घेत असल्यास डॉक्टरांना सांगून त्या दिवसांत बंद ठेवावीत.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांची सीटी अँजिओग्राफी असेल, तर नियम थोडे वेगळे आहेत. तिथे नाडी मिनिटाला साठच्या आसपास असावी लागते, म्हणून आदल्या दिवसापासून चहा-कॉफी टाळायला सांगतात आणि ठोके मंद करणारी गोळी देतात. दमा असल्यास ती गोळी घेण्यापूर्वी अवश्य सांगावे.

प्रश्न : कोळंबी खाल्ली की माझ्या अंगावर गांधी उठतात. मासळीत आयोडीन असते आणि डायमध्येही आयोडीन असते, म्हणून मला डाय चालणार नाही, असे दोघा-तिघांनी सांगितले. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ही समजूत फार खोलवर रुजली आहे आणि ती चुकीची आहे. कोळंबीची ॲलर्जी तिच्या मांसातल्या विशिष्ट प्रथिनाची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन शरीराला आवश्यक आहे आणि आपण ते रोज मिठातून खातो. जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाने त्वचा लाल होत असेल, तरी त्यावरूनही डाय नाकारण्याचे कारण नाही. कोणतीही ॲलर्जी असणाऱ्यांना डायची प्रतिक्रिया येण्याची शक्यता किंचित जास्त असते, एवढेच. म्हणून आपण ती सांगावी जरूर, पण तपासणी टाळू नये.

खरे महत्त्व एकाच प्रश्नाला आहे : यापूर्वी डाय दिल्यावरच काही झाले होते का? झाले असल्यास कोणते औषध दिले होते, किती वेळाने काय झाले आणि कोणते उपचार करावे लागले, याचा कागद जपून ठेवून दाखवावा. अशा रुग्णाला दुसऱ्या प्रकारचा डाय देता येतो, साधारण अर्धा दिवस आधीपासून स्टेरॉइडच्या गोळ्या देता येतात, किंवा डायविना भागेल का याचा विचार करता येतो. गोळ्यांना वेळ लागतो, म्हणून ही गोष्ट तपासणीच्या दारात सांगून उपयोग होत नाही.

आजच्या नॉन-आयॉनिक डायमुळे गंभीर प्रतिक्रिया येण्याचे प्रमाण दहा हजारांत सुमारे चार इतके आहे, आणि त्यासाठीची ॲड्रिनॅलिनसारखी औषधे सेंटरमध्ये हाताशी ठेवलेली असतात. बहुतेक गंभीर प्रतिक्रिया पहिल्या अर्ध्या तासात दिसतात, म्हणून स्कॅन झाल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. बस चुकेल म्हणून घाईने निघू नये. पुढच्या काही दिवसांत अंगावर पुरळ उठल्यास डॉक्टरांना दाखवावे. डाय शिरेबाहेर गेल्याने हात सुजला असेल, तर तो उंचावर ठेवून थंड शेक द्यावा, आणि बोटे बधिर झाली किंवा दुखणे वाढत गेले तर लगेच परत यावे.

प्रश्न : माझे वय ३४. करोनाच्या काळात छातीचा सीटी झाला होता. आता मूतखड्यासाठी पोटाचा सांगितला आहे. एक सीटी म्हणजे तीनशे-चारशे एक्स-रे, असे वाचल्यापासून झोप उडाली आहे. आम्ही मुलाचा विचार करत आहोत, त्यावर परिणाम होईल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वाचलेले विधान मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या तत्कालीन संचालकांनी केले होते. सौम्य आजारातही लोक घाईने आणि वारंवार सीटी करून घेत होते, ते थांबावे हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्य होता. तुलनेला मात्र देशातल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने लगेच हरकत घेतली, कारण आधुनिक यंत्रांवर कमी मात्रेत केलेल्या स्कॅनला ती लागू पडत नाही. दुर्दैवाने, ती भीती पसरली तितकी नंतरची दुरुस्ती पसरली नाही.

किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या एककात मोजतात. जमीन, हवा, अन्न आणि अवकाशातून येणारे किरण मिळून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. डोक्याच्या सीटीची मात्रा साधारण २, छातीच्या नेहमीच्या सीटीची ५ ते ७ आणि पोटाच्या सीटीची ८ ते १० च्या घरात असते. मूतखड्यासाठी डाय लागत नाही आणि कमी मात्रेचा स्कॅन पुरतो; तो बऱ्याचदा ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास किंवा त्याखाली होतो. ‘कमी मात्रेचा होईल ना’ असे आपण थेट विचारावे.

जोखीम शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. अशा प्रत्येक स्कॅनने आयुष्यभरात कर्करोग होण्याची शक्यता अगदी किंचित वाढते असे धरून चालतात, आणि वय जितके कमी तितकी ती अधिक धरतात. म्हणूनच गरज नसताना सीटी करू नये आणि सोनोग्राफीने भागत असेल तर तीच करावी. ठोस लक्षण नसताना तपासणीच्या पॅकेजमध्ये सीटी करून घेणे मला साफ नामंजूर आहे. परंतु कळ येत असताना खडा कुठे अडकला आहे, मूत्रपिंडावर दाब आला आहे का, हे वेळेवर न कळल्याने होणारे नुकसान त्या किंचित जोखमीपेक्षा कितीतरी मोठे असू शकते.

मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की स्कॅनच्या वेळी आपण गर्भवती नसावे. पाळी चुकली असेल किंवा शंका असेल, तर आधी लघवीची चाचणी करून घ्यावी आणि सेंटरवर विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे. स्कॅननंतर शरीरात किरण शिल्लक राहत नाहीत. यंत्रातली एक्स-रेची नळी बंद होताच ते संपतात. हिरोशिमा व नागासाकीच्या हल्ल्यांतून वाचलेल्यांना पुढे झालेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे, आणि त्यांच्यातही आनुवंशिक दोष वाढल्याचे आढळलेले नाही. आपली मात्रा त्या मानाने अत्यल्प आहे. जुनी सीडी व फिल्म सांभाळून ठेवाव्यात, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करण्याची वेळ येत नाही.

प्रश्न : मंगळसूत्र, जोडवी, कवळी काढावी लागते का? पेसमेकर असल्यास सीटी चालतो का? बाळाला अंगावर पाजत असल्यास किती दिवस थांबावे? — तीन वाचकांची पत्रे

उत्तर : सीटीत लोहचुंबक नसतो, त्यामुळे धातूने अपघात होत नाही; पण धातूमुळे चित्रावर पांढऱ्या रेघा उमटतात आणि नेमकी जागा झाकली जाते. म्हणून जो भाग तपासायचा त्यावरचाच धातू काढायचा. मान व छातीच्या स्कॅनला मंगळसूत्र, डोके व चेहऱ्याच्या स्कॅनला कानातले, चमकी, केसांच्या पिना आणि कवळी काढावी लागते. जोडवी पोटाच्या वा छातीच्या स्कॅनमध्ये आड येत नाहीत. मंगळसूत्र काढायला मन धजत नसेल, तर तपासणीच्या जागेपासून दूर सरकवून चालेल का, हे मोकळेपणाने विचारावे. पोटाच्या स्कॅनला ते बहुधा चालते. काढावेच लागले, तर सोबतच्या बाईच्या हाती द्यावे. पेसमेकर असताना सीटी करता येतो, फक्त सांगून ठेवावे. डायचा एक टक्क्याहून कमी अंश दुधात उतरतो आणि त्यातलाही अगदी थोडा बाळाच्या आतड्यात शोषला जातो, म्हणून पाजणे थांबवण्याची गरज नाही. थायरॉइड वाढीव असेल किंवा त्यासाठी किरणोत्सर्गी आयोडीनचे उपचार ठरले असतील, तर मात्र डायपूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा सीटी करायचा आहे. तो अनोळखी माणसाला पाहूनही रडतो. भूल द्यावी लागेल का? — एक वाचक, पणजी

उत्तर : डोक्याचा साधा स्कॅन आता इतक्या थोड्या सेकंदांत होतो, की या वयाची पुष्कळ मुले भुलीविना निभावतात. आदल्या दिवशी त्याला खरे तेच, त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे : मोठ्या कड्यातून टेबल सरकेल, आवाज होईल, आणि तू अजिबात हलायचे नाहीस. घरी चादरीवर झोपवून ‘पुतळा’ होण्याचा खेळ खेळावा. सुई टोचायची असेल, तर ‘काही टोचणार नाहीत’ असे खोटे सांगू नये. मूल ते विसरत नाही आणि पुढच्या वेळी कोणाचेच ऐकत नाही. आई किंवा बाबा यांपैकी एकाला शिसाचा ॲप्रन घालून जवळ उभे राहू देतात, मात्र गर्भवती असल्यास आईने आत थांबू नये. झोपेचे औषध द्यायचे ठरले, तर घन आहार व दूध कधी बंद करायचे हे सेंटर सांगेल, आणि ती वेळ काटेकोरपणे पाळावी. यंत्राची मात्रा मुलाच्या वयानुसार कमी ठेवली आहे ना, हा प्रश्न विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : कर्करोगाचे उपचार पूर्ण झाले आहेत. दर सहा महिन्यांनी सीटी होतो. स्कॅनची भीती आता उरली नाही. पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस काढवत नाहीत. टेक्निशियनचा चेहरा पाहून मी अंदाज बांधतो. मागच्या वेळी त्याने पुन्हा एकदा स्कॅन घेतला, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही लिहिले आहे ते या आजारातून गेलेले असंख्य लोक अनुभवतात, आणि मला वाटते की आम्ही डॉक्टर या काळाची पुरेशी दखल घेत नाही.

टेक्निशियनच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नाही. निदान सांगणे हे त्याचे काम नव्हे आणि त्याची त्याला परवानगीही नसते, म्हणून तो सर्वांशीच मोजके बोलतो. पुन्हा स्कॅन घेण्याची कारणेही बहुधा साधी असतात. डाय दिल्यावर काही सेकंदांनी धमन्या, मग यकृत आणि काही मिनिटांनी मूत्रमार्ग उजळतो, म्हणून एकाच भागाची चित्रे ठरवूनच दोन-तीनदा घेतात. कधी श्वास हलल्यामुळे एखादे चित्र पुसट येते. पुढच्या वेळी ‘किती वेळा घेणार आहात’ हे सुरुवातीलाच विचारून ठेवावे.

प्रतीक्षा लहान करणे काही अंशी आपल्या हाती आहे. स्कॅनची तारीख घेतानाच डॉक्टरांच्या भेटीचीही तारीख घ्यावी, शक्यतो रिपोर्ट मिळेल त्याच किंवा दुसऱ्या दिवशीची. आधीच्या स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट न विसरता न्यावेत. रेडिऑलॉजिस्टचे अर्धे काम तुलनेचे असते; जुने चित्र समोर असले, तर वर्षानुवर्षे न बदललेल्या ठिपक्याबद्दल शंका लिहावी लागत नाही आणि आपली आणखी एक तपासणी वाचते.

रिपोर्ट मोबाइलवर आला, की रात्री एकट्याने त्यातला एकेक शब्द शोधत बसू नये. कॅल्सिफाइड ग्रॅन्युलोमा (जुन्या संसर्गाची चुना साचलेली गाठ), फायब्रोटिक पट्टे (भरून आलेले व्रण), मूत्रपिंडातली साधी सिस्ट (पाण्याची पिशवी) हे शब्द वाचून लोक हादरतात. आपल्या देशात क्षयाचा संसर्ग सर्रास आढळतो, त्यामुळे फुफ्फुसात जुन्या, भरून आलेल्या संसर्गाच्या खुणा पुष्कळांना असतात. साध्या सिस्टही वय वाढते तशा वाढतात. तळाशी लक्षणांशी ताडून पाहावे अशा अर्थाचे जे वाक्य असते, ते जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात असते. तरीही वाचल्याशिवाय राहवत नसेल, तर वाचावे, प्रश्न कागदावर उतरवावेत आणि तो कागद भेटीला न्यावा.

आपल्या घरांत आणखी एक प्रथा आहे. मुलगा किंवा पुतण्या परस्पर रिपोर्ट आणतो, डॉक्टरांना भेटतो आणि रुग्णाला ‘सगळे ठीक आहे’ एवढेच सांगतो. प्रेमापोटीच हे घडते, पण रुग्णाला ते कळते, आणि पुढच्या वेळी खरोखर ठीक असले तरी त्याचा विश्वास बसत नाही. तुम्हाला सगळे जाणून घ्यायचे असेल, तर स्कॅनच्या आधीच घरच्यांना आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून ठेवा. तातडीने उपचार हवेत असे काही दिसले, तर आम्ही छापील रिपोर्टची वाट न पाहता तुमच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करतो. तेव्हा रिपोर्टला दोन दिवस लागले, म्हणजे काहीतरी दडवले जात आहे, असे समजू नका. भेटीच्या दिवशी दोन प्रश्न आधी विचारा : मागच्या स्कॅनपेक्षा काय बदलले आहे, आणि पुढचा स्कॅन खरोखर सहा महिन्यांनीच लागेल की अंतर वाढवता येईल?